व्हिसा दहा वर्षांचा, मग मुक्काम सहाच महिने का?

पासपोर्टात चिकटवलेल्या अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर बहुधा दहा वर्षांनंतरची तारीख असते. ती बघितली की घरात सगळ्यांना वाटतं, झालं, आता दहा वर्षांची काळजी मिटली. कोल्हापुरात ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आईवडिलांशी बोलताना हा समज वारंवार ऐकू येतो. राजारामपुरीतल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या आणि परतीचं तिकीटच काढायचं नाही म्हणत होत्या. "व्हिसा हाय की दहा वर्षांचा. बाळ चालाय लागलं की येतो मी," असं त्यांचं म्हणणं. बाळ चालायला वर्ष तरी लागतं. काकूंना तिथं राहता येणार होतं साधारण सहा महिने.

हा गोंधळ एकदा नीट सुटला की पुढचे नियम फारसे अवघड नाहीत. व्हिसावरची तारीख एवढंच सांगते की अमुक दिवसापर्यंत तुम्ही त्या देशाच्या दारात जाऊन "आत घ्या" म्हणू शकता. आत घेतल्यावर किती दिवस राहायचं, हे ठरवणारी तारीख वेगळी असते. मी तिला मुक्कामाची तारीख म्हणतो. प्रत्येक देश ती वेगळ्या जागी लिहितो. कुणी विमानतळावर ठरवतो, कुणी व्हिसाच्या कागदावरच दिवस छापतो, कुणी नियमपुस्तकात ठेवतो आणि प्रवाशानं स्वतः हिशेब करावा अशी अपेक्षा धरतो. परदेशात उतरल्यावर पहिल्या आठवड्यात करायचं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, ही दुसरी तारीख शोधा आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा.

अमेरिका: तारीख विमानतळावर ठरते

अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा, म्हणजे हाच पर्यटक व्हिसा, घेऊन तुम्ही उतरता. रांगेत उभं राहून काउंटरवर जाता. अधिकारी बोटांचे ठसे घेतो, फोटो काढतो, आणि दोन-चार प्रश्न विचारतो. कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस. त्या दोन मिनिटांत तो तुमच्या नावासमोर एक तारीख नोंदवतो. या नोंदीचं नाव आय-९४. साधारणपणे आलेल्या दिवसापासून सहा महिने मिळतात, पण कमी देण्याचा अधिकार त्याला असतो.

पूर्वी पासपोर्टात शिक्का मारून त्यावर ही तारीख पेनानं लिहीत. आता बऱ्याच ठिकाणी शिक्काच मारत नाहीत, नोंद फक्त संगणकात असते. म्हणून घरी पोचल्यावर, झोप झाली की, मुलाला सांगून सरकारी संकेतस्थळावर आय-९४ काढायला लावायचं. इथं आपल्या नावांची एक अडचण होते. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. शोधताना नुसतं स्वतःचं नाव टाकलं तर "नोंद सापडत नाही" असं उत्तर येतं आणि घरात घबराट होते. पासपोर्टवर जसं आहे तसं, दोन्ही शब्दांसकट टाकावं. नोंद सापडली की तारीख वाचा, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का बघा, आणि छापून ठेवा. चूक दिसली तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी त्याच विमानतळ यंत्रणेची कार्यालयं मोठ्या शहरांत असतात. ते काम पहिल्या महिन्यात करावं, पाचव्या महिन्यात नव्हे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर कळते. पासपोर्टचीच मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ची तारीख सहा महिन्यांऐवजी पासपोर्ट संपण्याच्या दिवसापर्यंतच मिळू शकते. त्यामुळे जाण्याआधी पासपोर्टची शेवटची तारीख बघा. वर्षभराच्या आत संपत असेल तर आधी नवा करून घ्या. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. जुन्या पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा पासपोर्ट बदलला म्हणून बाद होत नाही. दोन्ही पासपोर्ट एकत्र घेऊन प्रवास करता येतो. फक्त जुना पासपोर्ट रद्द करताना व्हिसाचं पान कापलं जाणार नाही, एवढं काउंटरवर सांगायचं.

व्हिसाच्या मुलाखतीबद्दल थोडं सांगतो, कारण मुक्कामाचा विषय तिथूनच सुरू होतो. व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-१६० फॉर्ममध्ये, किती दिवस राहणार असा रकाना असतो. फॉर्मात "तीन आठवडे" लिहायचं, मुलाखतीत "एक महिना" म्हणायचं आणि विमानतळावर "सहा महिने" सांगायचं, असं केलं तर अधिकाऱ्याला शंका येणारच. अमेरिकेचा कायदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला कायमचा राहायला येणारा समजूनच सुरुवात करतो. तसं नाही, आपलं घरदार कोल्हापुरात आहे आणि आपण परत येणार, हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची असते. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते, तेव्हा इंग्रजीच्या धसक्यानं कुणी पाठ केलेली वाक्यं बोलू नयेत. बहुतेकदा ठसे आणि फोटोसाठी वेगळी वेळ असते आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलं तरी मुंबईत एक रात्र धरून चालायचं.

विमानतळावर आजी मंडळी हमखास अडकतात ती एका वाक्यावर. "सून कामावर जाणार, म्हणून बाळ सांभाळायला आले." आपल्या दृष्टीनं यात काहीच वावगं नाही, आजी नातवंडाला सांभाळणारच. पण पर्यटक व्हिसावर काम करायला मनाई आहे, आणि हे वाक्य ऐकून अधिकाऱ्याला वाटू शकतं की पगारी दाईऐवजी यांना बोलावलंय. खोटं बोला असं मी अजिबात सांगत नाही. मुलीला भेटायला, नातवंड बघायला, तिच्याजवळ राहायला आलो, हा खरा हेतू असेल तर तोच सांगायचा. आणि खरा हेतूच वर्षभर मूल सांभाळणं हा असेल, तर पर्यटक व्हिसा त्यासाठी नाही, हे मुलांनी आईवडिलांना बोलावण्याआधी समजून घ्यावं.

सहा महिने पुरत नाहीत तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाळंतपण लांबलं, लेकीचं सिझेरियन झालं, वडिलांना तिथंच अँजिओप्लास्टी करावी लागली. अशा वेळी अमेरिकेत राहूनच मुदतवाढ मागता येते. त्यासाठीचा फॉर्म आय-५३९. तो नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे जातो, वकिलातीकडे नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरानुसार ऑनलाईन भरला तर शुल्क ४२० डॉलर, कागदावर भरला तर ४७०. नवरा-बायको दोघंही पर्यटक म्हणून आले असतील तर एका अर्जात दुसऱ्याचं नाव जोडता येतं.

सगळ्यात महत्त्वाची अट अशी की अर्ज आय-९४ची तारीख संपण्याच्या आत दाखल झाला पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करावा असं ते खातंच सुचवतं. माझ्या मते दोन महिने आधी तयारी पूर्ण असावी. पण उतरल्यावर पंधरा दिवसांतच मुदतवाढ मागणं चांगलं दिसत नाही. विमानतळावर सहा महिने सांगताना तुमच्या मनात वर्षच होतं, असा त्याचा अर्थ निघतो.

अर्जासोबत एक पत्र लागतं आणि सगळं वजन त्या पत्रावर असतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. मुदत का वाढवून हवी, हा वाढीव मुक्काम तात्पुरताच आहे हे कशावरून, आणि परत जाण्याची काय व्यवस्था केली आहे. "नातवाचा लळा लागला" हे कारण मनाला पटतं, खात्याला नाही. "१२ तारखेला शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी तीन महिने विमानप्रवास टाळायला सांगितलं, सोबत रुग्णालयाचं पत्र जोडलं आहे, परतीचं तिकीट अमुक तारखेला बदलून घेतलं आहे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला हिशेब कळतो. खर्च कोण करणार त्याचा पुरावाही हवा, मुलाचं बँक स्टेटमेंट चालतं.

कोल्हापूरशी बांधलेले आहोत हे दाखवायला आपल्याकडे कागद भरपूर असतात, ते जाताना स्कॅन करून ठेवावेत. घरफाळ्याची पावती, शेतीचा सातबारा, पेन्शनचं पासबुक, इथं राहणाऱ्या दुसऱ्या मुलाचा तपशील. सातबारा मराठीत असतो, तो तसाच जोडून चालत नाही. इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे" असं लिहून सही करावी लागते. त्यासाठी नोटरीकडे जायची गरज नाही.

अर्ज वेळेत केला आणि निर्णय आला नाही, तर काय? हा प्रश्न सगळ्यांना छळतो, कारण निर्णयाला कित्येक महिने लागू शकतात. वेळेत केलेला प्रामाणिक अर्ज प्रलंबित असेपर्यंतचा मुक्काम बेकायदा दिवसांत धरला जात नाही. पण ही परवानगी नव्हे, फक्त निर्णय होईपर्यंतची सोय आहे. अर्जात जितक्या तारखेपर्यंत मुदत मागितली, त्या तारखेच्या आत निघायचं. निर्णय येण्याआधी निघालात तर अर्ज आपोआप निकाली निघतो, त्यात गुन्हा काही नाही. अर्जाची पोच आणि विमानाचे बोर्डिंग पास मात्र जपून ठेवा. पुढच्या व्हिसाच्या वेळी, किंवा पुन्हा उतरताना, "मागच्या खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त का राहिलात?" असं विचारलं तर त्या कागदांशिवाय उत्तर नसतं. अर्ज नाकारला गेला तर थांबायचं नाही, लगेच निघायचं.

आणि न सांगता, न अर्ज करता राहिलं तर? एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्यानं रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी झाला आणि मग तुम्ही निघालात, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मुलांनी विचारात घ्यावं. नातवाचं लग्न सोडा, कदाचित नातवाचं पदवीदान पण फोनवर बघावं लागेल.

एक चुकीचा सल्ला इतका पसरलाय की त्याचा उल्लेख करायलाच हवा. "नायगाऱ्याला जा, कॅनडाच्या बाजूला दोन दिवस राहून परत या, नवे सहा महिने मिळतात." कॅनडात पाऊल ठेवायला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, आणि परत येताना अधिकारी जुनंच आय-९४ चालू ठेवू शकतो. नवी मुदत मिळेल असा कुठलाही हक्क नाही.

भारतात परत येऊन लगेच पुन्हा जाता येतं का, हेही विचारतात. मध्ये इतके दिवस गेले पाहिजेत असा नियम कायद्यात लिहिलेला नाही. पण सहा महिने तिथं, दीड महिना इथं, पुन्हा सहा महिने तिथं, असं दिसलं की अधिकारी विचारणारच की तुम्ही नेमके राहता कुठं. मी ओळखीच्यांना सांगतो की वर्षाचे जास्त महिने कोल्हापुरात गेलेले दिसू देत.

मुदतवाढीपेक्षा मला आपल्याकडची जुनी पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. आधी मुलीचे आईवडील जातात, ते परतायच्या सुमाराला सासूसासरे पोचतात. दोन्ही जोड्यांचे सहा-सहा महिने धरले तर बाळाचं पहिलं वर्ष निघतं, कुणाला अर्ज करावा लागत नाही आणि विहीणबाईंमध्ये बाळाच्या मालिशवरून चर्चा होते ती वेगळीच. गंमत बाजूला ठेवली तरी, आजारपणासारखं खरं कारण नसेल तर मुदतवाढीचा अर्ज हा पहिला पर्याय नसावा.

युरोप: इथं तारीख नाही, गणित आहे

मुलगा म्युनिकला किंवा ॲमस्टरडॅमला असेल तर सगळे नियम बदलतात. शेंगेन व्हिसा २९ देशांना मिळून एक असतो. त्यावर मुदत "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" अशी असते आणि शेजारी आणखी एक छोटा आकडा असतो, मुक्कामाचे दिवस. बहुतेक लोक मोठी तारीख वाचतात आणि छोटा आकडा सोडून देतात. तो आकडाच खरा. एकदाच जाणाऱ्याच्या व्हिसावर तिथं ३० किंवा ४५ असू शकतो, वर्षभराच्या व्हिसावर बहुधा ९०.

नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. यातला "कुठल्याही" हा शब्द लोकांना फसवतो. १ जानेवारीला किंवा नवीन प्रवेशाला मोजणी नव्यानं सुरू होत नाही. तुम्ही तिथं असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून, १८० दिवस बघायचे आणि त्यातले तिथं घालवलेले दिवस मोजायचे. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही मोजायचे.

एक उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन करून बघू. आईवडील १० मेला म्युनिकला गेले आणि ८ जूनला परत आले. मेचे २२ दिवस, जूनचे ८, एकूण ३०. मग १ सप्टेंबरला पुन्हा गेले. व्हिसा वर्षाचा आहे, पुष्कळदा जाता येतं, म्हणून त्यांनी धरलं की आता नव्यानं ९० दिवस, म्हणजे २९ नोव्हेंबरपर्यंत. चूक. सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ३० दिवस झाले की ६० होतात. ३० ऑक्टोबरला मागे वळून १८० दिवस बघितले तर खिडकी ४ मेपासून सुरू होते, म्हणजे मे-जूनचे सगळे ३० दिवस अजून तिच्यात आहेत. ३० आणि ६० मिळून ९० भरले. ३१ ऑक्टोबरला तिथं असले तर ९१वा दिवस. त्यांना ३० ऑक्टोबरला निघायलाच हवं.

उलट, सलग ९० दिवस राहिलं तर हिशेब सोपा होतो. १ मे ते २९ जुलै हे बरोबर ९० दिवस. मग २७ ऑक्टोबरपर्यंत शेंगेन देशांत पाय ठेवायचा नाही. २८ ऑक्टोबरपासून पुढे रोज एक जुना दिवस खिडकीबाहेर पडत जातो आणि पुन्हा सलग ९० दिवस मिळतात. युरोपियन आयोगाच्या संकेतस्थळावर हा हिशेब करून देणारी सोय आहे, ती वापरा. तिकडची यंत्रणाही आता हिशेब स्वतःच ठेवते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं येण्याजाण्याची नोंद ठसे आणि चेहऱ्यासकट संगणकात करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली. शिक्का पुसट आला म्हणून सुटलो, ते दिवस गेले.

शेंगेन व्हिसाला मुदतवाढ मिळते, पण ती सोय अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे. विमानसेवाच बंद पडली, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, अशी अटळ किंवा मानवतेची कारणं असतील तर स्थानिक परदेशी नागरिक कार्यालय विनाशुल्क वाढवून देतं. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो घेऊन विचार होतो. "अजून थोडे दिवस राहावंसं वाटतं" याला युरोपात उत्तर "नाही" असंच आहे.

भारतीयांना एक सवलत १८ एप्रिल २०२४ पासून मिळाली. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमानं वापरले असतील तर दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. दर वेळी पुण्याच्या केंद्रात फाईल घेऊन जाण्याचा त्रास त्यानं वाचतो. मुक्कामाचं ९०-१८०चं गणित मात्र पाच वर्षांच्या व्हिसालाही तेच.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आखात

ब्रिटनचं थोडक्यात आटोपतं. पर्यटक व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो, प्रत्येक खेपेला मुक्काम जास्तीत जास्त सहा महिने. सहाच्या पुढे वाढवून मिळत नाही. खासगी वैद्यकीय उपचार घेणाऱ्यांसारखे मोजके अपवाद आहेत. शिवाय वारंवार येऊन तिथंच राहिल्यासारखं करायला नियमांतच मनाई आहे.

कॅनडाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आईवडिलांचा विचार करून केलेला व्हिसा तिथं आहे आणि तरी कितीतरी लोक साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन हैराण होतात. साध्या व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिने. वाढवायचे असतील तर मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी १०० कॅनडियन डॉलर भरून अर्ज करायचा. वेळेत केला असेल तर निर्णय येईपर्यंत तुमचा कायदेशीर राहण्याचा दर्जा टिकून राहतो. मुदत उलटून गेली तर ९० दिवसांच्या आत दर्जा परत मिळवण्याचा वेगळा अर्ज करता येतो. पण मुलगा किंवा मुलगी कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असतील तर सरळ सुपर व्हिसा मागावा. त्यावर जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याच्या बदल्यात मुलाचं उत्पन्न ठरलेल्या किमान पातळीवर हवं, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी होते, आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. विम्याचा हप्ता सत्तरीच्या माणसाला जड जातो हे खरं. तरीही ज्यांना खरोखर लांब राहायचंय, त्यांच्यासाठी हाच सरळ रस्ता आहे.

ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा, वर्ग ६००, पासपोर्टात चिकटत नाही, ईमेलवर पत्र येतं. त्या पत्रातच मुक्कामाची तारीख आणि अटी असतात, आणि अटींना चार आकडी क्रमांक असतो. ८५०३ दिसला तर समजायचं, तिथं राहून दुसरा व्हिसा मागता येणार नाही. ८५५८ असेल तर १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही. ८५०३ नसेल तर मुदत संपण्याआधी तिथूनच नवा अर्ज करता येतो आणि निर्णयापर्यंत राहण्यासाठी मधला व्हिसा मिळतो. मुदत संपल्यावर २८ दिवसांपेक्षा जास्त राहून निघालात तर तीन वर्षं तात्पुरता व्हिसा सहसा मिळत नाही. तिथंही आईवडिलांसाठी वर्ग ८७० आहे, तीन किंवा पाच वर्षांचा, मुलानं आधी हमीदार म्हणून मान्यता घ्यावी लागते.

दुबईला आपल्याकडून जाणारे बहुतेक ३० किंवा ६० दिवसांच्या व्हिसावर जातात. तिथं चुकलं तर हिशेब पैशात होतो, दिवसाला ५० दिरहम दंड. दंड भरून सुटलो म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये, नोंद राहते.

निघण्याआधी इथली कामं

परदेशातला मुक्काम लांबला की अडचण इथंही होते. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. अमेरिकेत थंडी बघत बसलेल्या काकांना डिसेंबरात फोन येतो की पेन्शन जमा झाली नाही. निघण्याआधी बँकेत किंवा कोषागारात जाऊन, तुमच्या बाबतीत परदेशातून दाखला कसा स्वीकारतात हे विचारून घ्यावं. भारतीय दूतावासातल्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला हा रूढ मार्ग आहे.

प्रवास विमा सहा महिन्यांचा काढलाय आणि मुदतवाढ मागताय, तर विमाही संपायच्या आत वाढवावा लागतो. एक दिवस खंड पडला की जुनी दुखणी त्यात धरली जातील का, हा वाद सुरू होतो. बीपी-शुगरच्या गोळ्या ठरलेल्या मुदतीपेक्षा थोड्या जास्त घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट इंग्रजीत असू द्या. आणि परतीचं तिकीट मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचं कधीच काढू नका. विमान रद्द झालं, हिमवृष्टी झाली, ताप आला, तर हातात आठ-दहा दिवस हवेत.

एजंटांबद्दल एकच. "सहा महिने वाढवून देतो, गॅरंटी" असं म्हणणाऱ्याकडून लगेच उठावं. फॉर्म भरून देणं हे काम झालं, त्याचे पैसे देणं योग्य. निर्णय मात्र कुणाच्याच हातात नसतो. आणि फॉर्मात एजंटानं काहीही भरलं तरी खाली सही तुमची असते, म्हणून पाठवण्याआधी मुलाकडून प्रत्येक रकाना मराठीत वाचून घ्यायचा.

तारीख उलटून गेली असेल तर

हा लेख कुणी अशाच अवस्थेत वाचत असेल, म्हणून शेवटी हेही लिहितो. आधी आय-९४ किंवा व्हिसाचं पत्र काढून नेमकी तारीख बघा. कधीकधी भीती फुकटची असते, मुदत अजून शिल्लक असते. खरंच उलटली असेल तर किती दिवस झाले ते मोजा. अमेरिकेत १८० दिवसांच्या आत असाल तर व्हिसा गेला, पण तीन वर्षांची बंदी अजून लागलेली नाही, म्हणून मिळेल त्या विमानानं निघणं हेच बहुतेक वेळा बरं. १८० च्या पुढे गेले असाल किंवा आजारपणामुळे अडकला असाल तर तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि भेटल्याशिवाय विमानाचं तिकीटही काढू नका, कारण बंदी लागते ती देश सोडताना. कॅनडात असाल तर ते ९० दिवस हातचे जाऊ देऊ नका. रुग्णालयाचे कागद, रद्द झालेल्या विमानाचा संदेश, तिकिटाच्या पावत्या, सगळं एका पाकिटात ठेवा. पुढच्या कुठल्याही देशाच्या व्हिसा फॉर्मात "याआधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का?" हा प्रश्न येऊ शकतो. त्याला "होय" लिहून त्या पाकिटातल्या कागदांनिशी कारण सांगणाऱ्याला पुन्हा व्हिसा मिळण्याची शक्यता असते. "नाही" लिहून पकडला गेलेल्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि अमेरिकेत तो ठपका प्रवेश कायमचा बंद करू शकतो.